‘पायोनियर’ हे क्रियापद कधी वापरावं, कधी टाळावं

शब्दकोशात ‘पायोनियर’ या इंग्रजी क्रियापदासमोर ‘पुढाकार घेणे’, ‘प्रथम सुरू करणे’, ‘प्रवर्तन करणे’ असे अर्थ दिलेले असतात. त्यातला एकही चुकीचा नाही. पण तेवढ्या भांडवलावर वाक्य लिहायला बसलं की घोटाळा होतो. ‘ऑफिसात सगळ्यांचे वाढदिवस साजरे करायला मी सुरुवात केली’ हे कुणी ‘आय पायोनियर्ड बर्थडे सेलिब्रेशन्स’ असं लिहिलं, तर व्याकरण बिनचूक असूनही इंग्रजी वाचणारा गालातल्या गालात हसतो. सुरुवात तर खरोखरच केलेली असते. शब्द मात्र तिच्या मापाचा नसतो.

या क्रियापदात पहिलं असणं आहेच, पण त्याला एक शेपूट आहे: मागून इतर लोक त्याच वाटेने आले पाहिजेत. हे शेपूट लक्षात ठेवलं की कर्म कोणतं घ्यायचं, कोणासाठी वापरायचं, कुठे हात आखडता घ्यायचा, या बहुतेक गोष्टी आपोआप सुटतात. तरीही एकेक पायरी नीट चढूया, कारण काही ठिकाणी खास मराठी माणसाचाच पाय घसरतो.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

हे पटकन उरकू. आपण ‘पायोनियर’ लिहितो आणि मधला ‘यो’ ठसक्यात म्हणतो. इंग्रजीत तिथला ‘ओ’ जवळजवळ विरून जातो आणि ‘पाय-अ-नीअर’ असं काहीसं ऐकू येतं. जोर शेवटच्या ‘नीअर’वर पडतो. ‘इंजिनिअर’, ‘व्हॉलंटिअर’, ‘करिअर’ या शब्दांतही तसाच शेवटावर जोर असतो, त्यामुळे ते सगळे एका पंगतीत बसवले की विसरायला होत नाही.

स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई, ई, आर’ आहे. भूतकाळ करताना ‘ई, डी’ लावायचं, पण ‘आर’ दुप्पट करायचा नाही. ‘रेफर’चं ‘रेफर्ड’ होताना ‘आर’ दोनदा येतो, कारण तिथे ‘आर’च्या आधी एकच स्वर आहे. इथे आधी दोन ‘ई’ आहेत, म्हणून एक ‘आर’ पुरतो. ‘पायोनियरिंग’लाही हाच नियम.

दुसरी पायरी: शब्द आला कुठून

ही पायरी गाळली तरी परीक्षेत गुण कापले जाणार नाहीत. पण शब्दाचा स्वभाव इथेच कळतो, म्हणून थोडं थांबू.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, तोही सैन्यातून. ‘पायोनियर’ म्हणजे मुख्य फौजेच्या पुढे जाणारे, कुदळ-फावडी आणि कुऱ्हाडी घेतलेले पायदळाचे लोक. झाडं तोडणं, खंदक खणणं, रस्ता सपाट करणं ही त्यांची कामं. लढाईचं श्रेय त्यांच्या वाट्याला फारसं येत नसे. पण त्यांनी वाट केली नाही तर तोफा आणि घोडे पुढे सरकतच नसत. आपल्याकडच्या जुन्या फौजांत बेलदार हेच करत. क्रियापद म्हणून हा शब्द बराच नंतर, अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला. तोवर खणण्या-तोडण्याचा अर्थ मागे पडून ‘इतरांसाठी वाट तयार करणे’ हा अर्थ पुढे आला होता.

त्याहून मागे गेलं तर लॅटिनमधला ‘पाऊल’ या अर्थाचा शब्द लागतो. त्याच्यापासून पायी चालणारा शिपाई, त्याच्यापासून फ्रेंच शब्द, आणि मग इंग्रजी. बुद्धिबळातलं इंग्रजी ‘पॉन’ आणि कचेरीतला ‘प्यून’ हेही त्याच घराण्यातले. आपलं ‘प्यादं’ फारसीतून आलं आणि ‘पाय’ संस्कृत ‘पाद’मधून, पण खूप मागे, आदिम इंडो-युरोपीय भाषेत, या सगळ्यांचा धातू एकच होता. म्हणजे ‘पायोनियर’मध्ये आपल्याला ऐकू येणारा ‘पाय’ हा निव्वळ योगायोग असला, तरी नातं मात्र खरं आहे. शब्द पाठ करायला याहून चांगली खूण मिळणार नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: या शब्दातला माणूस एकटा पुढे पळून गेलेला नसतो. मागून फौज यायची असते आणि तो तिच्यासाठी रस्ता करत असतो.

तिसरी पायरी: ‘पहिला’ आणि ‘पायोनियर’ वेगळे करा

हा या लेखाचा गाभा. इथे उदाहरणं लागतील.

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमधल्या ग्रूट स्खूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावरचं माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. जगभर बातमी झाली. बर्नार्ड यांच्याबद्दल इंग्रजीत सर्वांत अचूक वाक्य कोणतं? ‘ही परफॉर्म्ड द फर्स्ट ह्यूमन हार्ट ट्रान्सप्लांट.’ ‘पहिलं केलं’ ही वस्तुस्थिती, ती तशीच सांगितली.

आता नॉर्मन शमवे घ्या. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये त्यांनी रिचर्ड लोअर यांच्यासोबत कुत्र्यांवर प्रयोग करत हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं घडवली आणि १९६० मध्ये तिचं तंत्र प्रसिद्ध केलं. माणसावर पहिलं ऑपरेशन त्यांच्या हातून झालं नाही. १९६७ नंतर अनेक रुग्णालयांनी उत्साहाने प्रत्यारोपणं केली, रुग्ण दगावू लागले तशी बहुतेकांनी ती थांबवली. शमवे यांनी काम चालू ठेवलं. शरीर नवं हृदय नाकारतं ते कसं ओळखायचं आणि कसं आवरायचं, यावर त्यांचा गट चिकाटीने राबत राहिला. म्हणून त्यांच्याबद्दल लिहितात: ‘ही पायोनियर्ड हार्ट ट्रान्सप्लांटेशन.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. फरक असा, की पहिलं वाक्य एका दिवसाबद्दल आहे आणि दुसरं एका पद्धतीबद्दल.

दुसरं उदाहरण मैदानावरचं. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी यांनी उंच उडीत आडव्या दांडीकडे पाठ करून उडी घेतली आणि २.२४ मीटरवर सुवर्णपदक जिंकलं. त्याआधी बहुतेक खेळाडू पोट खाली ठेवून दांडी ओलांडत. उडी संपली की वाळूत किंवा भुश्शात उतरायचं असल्यामुळे पाठीवर पडणं परवडणारं नव्हतं, पण फोमच्या जाड गाद्या आल्या आणि ते शक्य झालं. १९७६ पासून पुरुषांच्या उंच उडीतला प्रत्येक ऑलिंपिक विजेता पाठ करूनच उडी मारतो. ‘फॉस्बरी पायोनियर्ड द टेक्नीक’ हे वाक्य इथे चपखल बसतं, कारण मागून अख्खी फौज आली.

आणि गंमत अशी की जवळपास त्याच काळात कॅनडात डेबी ब्रिल ही मुलगी स्वतंत्रपणे तशीच उलटी उडी शिकत होती. तिच्या पद्धतीला ‘ब्रिल बेंड’ म्हणतात. मग फॉस्बरीबद्दलचं वाक्य खोटं ठरतं का? नाही. ‘पायोनियर’ हे क्रियापद ‘जगात माझ्याआधी कुणीच नाही’ असा कोर्टात सिद्ध करण्याजोगा दावा करत नाही. दोघांनी, तिघांनी, एखाद्या पूर्ण गटाने मिळून किंवा वेगवेगळं ‘पायोनियर’ केलेलं चालतं. ‘फर्स्ट’मध्ये मात्र वाटेकरी चालत नाहीत.

एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही शब्द कसे वेगळे पडतात तेही पाहा. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. तिथे ‘दे वेअर द फर्स्ट टू क्लाइंब एव्हरेस्ट विदाउट सप्लिमेंटल ऑक्सिजन’ हेच योग्य. त्याआधी १९७५ मध्ये याच दोघांनी गाशेरब्रुम-१ हे आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर मोठा लवाजमा, तळांची साखळी आणि बांधलेले दोर न वापरता, हलक्या सामानासह सर केलं. ती शैली नंतर इतर गिर्यारोहकांनी उचलली. म्हणून त्या शैलीबद्दल ‘मेसनर पायोनियर्ड अल्पाइन-स्टाइल क्लाइंबिंग ऑन द हायेस्ट पीक्स’ असं लिहिता येतं. शिखर ‘पायोनियर’ होत नाही, चढण्याची पद्धत होते.

थोडक्यात, लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: हे काम लोक पुन्हा करू शकतात का, आणि त्यांनी ते केलं का? रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी मैलभर अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत फोडली. नंतर अनेकांनी ती फोडली, तरी ‘ही पायोनियर्ड द फोर-मिनट माइल’ विचित्रच वाटतं. तो विक्रम आहे. विक्रम मोडला जातो, गाठला जातो, पण पुढच्या माणसाला तो ‘वापरता’ येत नाही. वापरता येणारी गोष्ट असली तरच हे क्रियापद काढा.

चौथी पायरी: वाक्यात बसवणं

‘पायोनियर’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म लागतं आणि ते कर्म बहुतेक वेळा तंत्र, पद्धत, उपचार, दृष्टिकोन, संकल्पना, तंत्रज्ञान किंवा एखादं क्षेत्र असतं. माणूस कर्म होत नाही आणि सहसा एखादी सुटी वस्तूही होत नाही. ‘दे पायोनियर्ड अ न्यू ट्रीटमेंट’ चांगलं. ‘दे पायोनियर्ड अ चेअर’ म्हटलं की वाचणारा अडखळतो.

सगळ्यांत कामाचा साचा हा: ‘पायोनियर द यूज ऑफ अमुक’. वस्तू आधीच अस्तित्वात असते, तिचा उपयोग नवा असतो, तेव्हा हाच साचा लागतो. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड शोधलं नव्हतं. ते रसायन काही दशकं आधीपासून माहीत होतं. त्यांनी १८६० च्या दशकात जखमा आणि शस्त्रक्रियेत जंतू मारण्यासाठी ते वापरलं. म्हणून ‘लिस्टर पायोनियर्ड द यूज ऑफ कार्बोलिक ॲसिड इन सर्जरी’. इथे ‘द यूज ऑफ’ गाळून ‘पायोनियर्ड कार्बोलिक ॲसिड’ लिहिलं तर अर्थच बिघडतो.

आता मराठी माणसाची हमखास चूक. आपण ‘वापरायला सुरुवात केली’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘शी पायोनियर्ड टू यूज लेझर्स’ असं लिहितो. ‘स्टार्टेड टू यूज’ चालतं, मग हे का नको? कारण ‘पायोनियर’ला मागे ‘टू’ आणि क्रियापद चालत नाही. ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्यही चालत नाही. नाम हवं: ‘शी पायोनियर्ड द यूज ऑफ लेझर्स इन आय सर्जरी.’ कधीकधी ‘आयएनजी’चं रूप दिसतं, पण ते अवघडल्यासारखं वाटतं. ‘द यूज ऑफ’ची सवय लावलेली बरी.

दुसरी चूक ‘इन’ची. ‘ही पायोनियर्ड इन रोबोटिक्स’ असं लिहिलं जातं, कारण नाम असताना ‘अ पायोनियर इन रोबोटिक्स’ हे अगदी बरोबर असतं. क्रियापदाचा कर्माशिवाय वापर इंग्रजीत अगदीच नाही असं नाही, पण तो इतका विरळ आहे की शिकणाऱ्याने त्या फंदात पडू नये. क्रियापद घेतलं तर लगेच कर्म द्या, नाहीतर सरळ नाम वापरा: ‘ही वॉज अ पायोनियर इन रोबोटिक्स.’

काळांचं म्हणाल तर साधा भूतकाळ सर्वाधिक चालतो, कारण वाट पडली की नाही हे मागे वळून पाहिल्यावरच कळतं. ‘हॅज पायोनियर्ड’ एखाद्या संस्थेचं आजवरचं काम सांगायला येतं. ‘इज पायोनियरिंग’ बातम्यांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत भरपूर दिसतं: ‘द टीम इज पायोनियरिंग अ न्यू मेथड.’ व्याकरणाला धरून आहे. पण यात भविष्यावर उधारी असते. मागून कुणी येईल, अशी आशा लेखक आताच जमेला धरतो. जाहिरातीत ठीक. अभ्यासाच्या लेखनात मी ते टाळेन आणि ‘इज डेव्हलपिंग’ किंवा ‘इज टेस्टिंग’ लिहीन.

कर्मणी प्रयोग मात्र बिनधास्त करा. शाळेत कर्मणी टाळायला शिकवतात, पण इथे तोच जास्त नैसर्गिक वाटतो, कारण अनेकदा वाक्याचा विषय तंत्र असतं, माणूस दुय्यम. ‘द टेक्नीक वॉज पायोनियर्ड इन द नाइन्टीन-सिक्स्टीज.’ ‘इन व्हिट्रो फर्टिलायझेशन वॉज पायोनियर्ड बाय रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो अँड जीन पर्डी.’ या तिघांच्या कामातून २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउनचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करून जन्मलेल्या पहिल्या ‘टेस्ट-ट्यूब’ बाळाचा, जन्म झाला. बातम्यांत बराच काळ पहिली दोनच नावं यायची. ‘बाय’नंतर किती नावं लिहायची हा व्याकरणाचा प्रश्न नसला, तरी लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा आहे.

त्याचंच आटोपशीर रूप म्हणजे नामाला मागून चिकटवलेला तुकडा: ‘अ मेथड पायोनियर्ड बाय टोयोटा’. मराठीत याला ‘टोयोटाने रुजवलेली पद्धत’ म्हणावं लागतं, विशेषण आधी आणि नाम नंतर. इंग्रजीत क्रम उलटा. मराठीच्या क्रमाने ‘टोयोटा-पायोनियर्ड मेथड’ असंही बातमीच्या मथळ्यात करता येतं, पण साध्या परिच्छेदात तो प्रकार कानाला खुपतो.

पाचवी पायरी: शेजारच्या क्रियापदांशी गल्लत टाळा

‘डिस्कव्हर’ म्हणजे जे होतंच ते सापडलं. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, म्हणून ‘डिस्कव्हर्ड’. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी गाडीत क्ष-किरणांचं यंत्र बसवून ते रणभूमीजवळच्या जखमी सैनिकांपर्यंत नेलं, तिथे ‘पायोनियर्ड द यूज ऑफ मोबाइल एक्स-रे युनिट्स’. एकच विषय, दोन माणसं, दोन क्रियापदं. ही जोडी पाठ करून ठेवावी इतकी उपयोगी आहे.

‘इन्व्हेंट’ म्हणजे जे नव्हतं ते घडवलं. हेन्री फोर्ड यांच्याबद्दल इथे सर्रास चूक होते. मोटार त्यांनी ‘इन्व्हेंट’ केली नाही. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्येच आपल्या मोटारीचं पेटंट मिळवलं होतं. फोर्ड यांच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात झाली. त्यासाठी ‘पायोनियर्ड द मूव्हिंग असेंब्ली लाइन’ हे नेमकं आहे, कारण त्यातले बरेच सुटे विचार आधीपासून होते. फोर्डच्या लोकांनी ते एकत्र आणून चालवून दाखवले आणि मग सगळ्या उद्योगाने ते घेतले.

‘इंट्रोड्यूस’ हे सर्वांत विनम्र आणि सर्वांत उपयोगी. दुसरीकडे आधीपासून चालत असलेली गोष्ट आपल्या ठिकाणी आणली, की ‘इंट्रोड्यूस’. ‘इनिशिएट’ म्हणजे प्रक्रिया सुरू केली, पुढे तिचं काय झालं याची जबाबदारी त्यात नाही. ‘फाउंड’ संस्थेसाठी. ‘स्पीअरहेड’ मोहिमेच्या अग्रभागी राहण्यासाठी, त्यात नवेपणाची अट नाही. आणि ‘प्रिसीड’चा अर्थ नुसता आधी असणं: सोमवार मंगळवारच्या आधी येतो म्हणून त्याने काही ‘पायोनियर’ केलं असं होत नाही.

सहावी पायरी: नाम आणि विशेषण

नामाला मागे ‘इन’ किंवा ‘ऑफ’ लागतं. क्षेत्र मोठं असेल तर बहुधा ‘इन’: ‘अ पायोनियर इन मेडिसिन’. विशिष्ट गोष्ट असेल तर ‘ऑफ’: ‘अ पायोनियर ऑफ ओपन-हार्ट सर्जरी’. सीमारेषा फार कडक नाही, कित्येक ठिकाणी दोन्ही चालतात.

‘पायोनियरिंग’ हे विशेषण ‘वर्क’, ‘रिसर्च’, ‘स्टडी’, ‘रोल’ यांच्याआधी येतं. माणसाआधीही येतं: ‘अ पायोनियरिंग सर्जन’. नुसतं ‘पायोनियर’ विशेषणासारखं वापरलेलं विज्ञानात दिसेल. ‘पायोनियर स्पीशीज’ म्हणजे उजाड जागी सर्वांत आधी रुजणाऱ्या जाती, उदाहरणार्थ उघड्या खडकावरचं दगडफूल. १९६३ मध्ये आइसलँडजवळ ज्वालामुखीतून सर्टसी नावाचं बेट वर आलं आणि १९६५ मध्येच तिथे फुलझाडाची पहिली जात उगवलेली दिसली. अशा जाती जमीन थोडी राहण्याजोगी करतात आणि मग बाकीच्या येतात. सैन्यातला अर्थ शास्त्रज्ञांनी किती नेमका उचलला आहे!

१९७२ मध्ये सोडलेलं ‘पायोनियर-१०’ हे यान लघुग्रहांचा पट्टा ओलांडून गुरूजवळून जाणारं पहिलं यान ठरलं. तिथे हा शब्द विशेषनाम आहे. अमेरिकेच्या इतिहासात ‘पायोनियर्स’ म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्ती करायला गेलेले लोक. हा अर्थ वापरताना जरा जपून. त्या जमिनीवर आधीपासून मूलनिवासी राहत होते, त्यामुळे ‘पहिले’ हा शब्द कुणाच्या बाजूने बोलतो आहे ते वाचकाला लगेच दिसतं. तटस्थ लिहायचं असेल तर ‘सेटलर्स’ बरं.

सातवी पायरी: जास्तीचे शब्द छाटा

‘फर्स्ट पायोनियर्ड’ हे इंग्रजी वर्तमानपत्रांतसुद्धा वरचेवर छापून येतं, विशेषतः पुढे साल असेल तर. तरी पहिलेपण क्रियापदातच आहे. ‘फर्स्ट’ काढून पाहा, वाक्य जराही लंगडं होत नाही. ‘पायोनियर्ड अ न्यू टेक्नीक’मधला ‘न्यू’ही काटेकोरपणे पाहिला तर जास्तीचाच, पण तो इतका रुळला आहे की त्यावर लाल शाई खर्च करावी असं मला वाटत नाही. ‘फर्स्ट’वर मात्र करावी.

आठवी पायरी: मराठीत आणताना

अनुवाद करणाऱ्यांची इथे खरी कसरत होते. तंत्र किंवा पद्धत असेल तर मला ‘रुजवलं’ सर्वांत जवळचं वाटतं, कारण त्यात नंतर वाढलं हे येतं. संस्था किंवा चळवळ असेल तर ‘मुहूर्तमेढ रोवली’ किंवा ‘पाया घातला’. माणसाचं वर्णन करायचं तर ‘आद्य प्रवर्तक’ किंवा ‘अग्रणी’. ‘वाट घालून दिली’ हे मूळ अर्थाला अगदी चिकटून आहे आणि साध्या गद्यात खुलतं.

‘पायंडा पाडला’ जपून वापरा. तो वाईट गोष्टींसाठीही तितक्याच सहज येतो, आणि ‘पायोनियर’मध्ये बहुतेक वेळा कौतुक असतं. ‘श्रीगणेशा केला’ किंवा ‘नारळ फोडला’ म्हणजे नुसती सुरुवात. ते ‘स्टार्टेड’चे सोबती आहेत. उलट दिशेने, मराठीतल्या ‘पुढाकार घेतला’चं इंग्रजी करताना ‘पायोनियर्ड’कडे धाव घेऊ नका. ‘टुक द इनिशिएटिव्ह’ किंवा ‘टुक द लीड’ नव्वद टक्के वेळा पुरेसं ठरतं.

नववी पायरी: स्वतःबद्दल लिहिताना

नोकरीच्या अर्जात ‘पायोनियर्ड’ हा शब्द फार फॅशनमध्ये आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा मुख्यतः दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरायचा शब्द आहे. श्रद्धांजलीपर लेखात, पुरस्काराच्या मानपत्रात तो शोभतो. स्वतःच्या तोंडी आला की वाचणारा लगेच पुरावा मागतो, आणि पुरावा असेल तर शब्दाची गरज उरत नाही. ‘इंट्रोड्यूस्ड अ चेकलिस्ट दॅट इज नाऊ यूज्ड बाय ऑल टीम्स’ हे वाक्य ‘पायोनियर्ड अ चेकलिस्ट’पेक्षा कितीतरी वजनदार आहे. मागून कोण आलं ते त्यात उघड लिहिलं आहे.

परीक्षेच्या निबंधात मात्र जरूर वापरा, तिथे विषय दुसऱ्यांचाच असतो. एका निबंधात एकदा पुरे.

आता थोडा सराव

पुढची वाक्यं इंग्रजीत न्या आणि मग उत्तर वाचा. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात जाणारे पहिले मानव ठरले. इथे ‘पायोनियर्ड’ नको, ‘वॉज द फर्स्ट ह्यूमन टू ट्रॅव्हल इन्टू स्पेस’. ‘फर्स्ट’नंतर ‘हू वेंट’पेक्षा ‘टू’ आणि क्रियापद जास्त सुटसुटीत.

संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकात कंपायलर (माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) विकसित करण्याच्या कामात मोलाची आघाडी घेतली. मोह ‘टुक द लीड’चा होईल, पण नंतर सगळं संगणकविश्व त्या वाटेने गेलं. ‘पायोनियर्ड द डेव्हलपमेंट ऑफ कंपायलर्स’ किंवा ‘डिड पायोनियरिंग वर्क ऑन कंपायलर्स’. दोन्ही चांगली, मला दुसरं जास्त आवडतं, कारण त्या क्षेत्रात त्यांच्याबरोबर इतरही राबत होते आणि ते वाक्य त्यांनाही जागा ठेवतं.

कंपनीने यंदा नवी शाखा उघडली. ‘ओपन्ड’. यात विचार करण्यासारखं काही नाही.

एका शिक्षिकेने मोठ्या मुलांनी लहान मुलांना वाचून दाखवायची पद्धत सुरू केली आणि आसपासच्या शाळांनी ती उचलली. ही कुंपणावरची केस. जगात असं आधी कुठेतरी झालं असणारच, म्हणून जगाच्या संदर्भात ‘इंट्रोड्यूस्ड’. त्या भागापुरतं बोलायचं असेल आणि तसं स्पष्ट लिहिलं, तर ‘शी पायोनियर्ड द प्रॅक्टिस इन हर डिस्ट्रिक्ट’ म्हणायला हरकत नाही. मात्र ‘इन हर डिस्ट्रिक्ट’ हे तीन शब्द गाळू नका.